साच्यावरची चकाकी

तिसरा कृत्रिम पायही त्याच जागी उकलला.

टाचेपासून निघालेली काळी पाती जिथे वळण घेऊन घोट्याकडे चढते, त्या वळणावर थरांमध्ये आधी केसाएवढी रेघ पडली. ती कोणाच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच, वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि उदयसिंह अंगणाच्या दगडी पायरीवर कोसळला. तो आवाज आता घरातल्या तिघांच्याही ओळखीचा झाला होता. त्याची आई, बनुबाई, चुलीपाशी होत्या. त्या धावत आल्या नाहीत. भिंतीला हात लावीत सावकाश आल्या, कारण दारात पोहोचल्यावर काय पाहावे लागणार हे त्यांना ठाऊक होते.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी जखम पाहिली, उदयसिंहाला बाहेरच्या बाकावर बसवले आणि त्याचे वडील जोतिबा यांच्याशी ते एकांतात बोलले. गुडघ्याखाली उरलेला भाग मुळातच आखूड आहे, शिवलेली कातडी पुन्हा फाटली आहे, आतल्या हाडालाही मार बसला आहे, असे त्यांनी सावकाश समजावून सांगितले. जखम भरेल, परंतु यापुढे एकदा जरी असा पडला तर गुडघा राखता येणार नाही. जोतिबांनी हे सारे उभ्यानेच, हात पाठीमागे बांधून ऐकले. बाहेर आल्यावर मुलाने काही विचारले नाही आणि त्यांनी काही सांगितले नाही. पण दवाखान्याचे दार पातळ लाकडाचे होते. लोणंदला एस.टी.तून उतरताना वडिलांनी आधारासाठी हात पुढे केला, तेव्हा उदयसिंह तो हात न घेता म्हणाला, "आबा, आता चौथा करू नका. गुडघा तरी माझ्यापाशी राहू द्या."

त्यानंतर तो माजघरातल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला, तो तसाच पडून राहिला.

हा मुलगा पूर्वी कधी चालतच नसे, धावत असे. सैन्यभरतीच्या तयारीसाठी गावची मुले पहाटे खंडाळ्याच्या रस्त्यावर धावत जात, त्यांत उदयसिंह नेहमी पुढे. एका धुक्याच्या पहाटे मागून आलेल्या ट्रकला पुढे धावणारा दिसला नाही. पाय गेला, भरती गेली, आणि बरोबर धावणारे मित्र एकेक करून वर्दी घालून निघून गेले. उरलेल्या आखूड पायाला बाजारात मिळणारे जड पाऊल पेलेना. त्याच्या ओढीनेच कातडी सोलून निघे. हलके, आणि भुईला टेकताच परत उसळी देणारे पाऊल हवे होते. तसे पाऊल त्या टापूत एकाच ठिकाणी होत असे, आणि ते ठिकाण म्हणजे त्याच्या वडिलांची शेड.

जोतिबा हवालदार सैन्याच्या दुरुस्ती पथकातून निवृत्त होऊन आले, तेव्हा लोणंदजवळच्या एका कारखान्यात त्यांना काम मिळाले. तिथे कार्बनच्या धाग्यांपासून हलके, चिवट भाग घडवीत. कारखाना पुढे दुसरीकडे गेला, एक जुने यंत्र मागे राहिले, आणि ते जोतिबांनी रेल्वे स्थानकापलीकडे, कांद्याच्या वखारी संपतात तिथल्या आपल्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून उभे केले. त्यावर ते पाय करू लागले. कुंडलचे आप्पासो, ज्यांचा पाय उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता, ते जोतिबांनी केलेल्या पावलावर किती तरी वर्षे शेतात पाणी पाजत होते. असे आणखीही अनेक होते. त्यांपैकी कोणाचेही पाऊल उकलले नव्हते.

त्या कामात ज्वाला नव्हती, भट्टी नव्हती. जे काही घडे ते प्रकाशाने घडे. केसाहून बारीक अशा हजारो काळ्या धाग्यांना शेजारी शेजारी निजवून, राळेत भिजवून केलेली पट्टी असे. ही राळ तापली की मऊ होते, निवली की घट्ट होते. पावलाच्या आकाराच्या पोलादी साच्यावर पट्टीचा एक थर बसवायचा आणि त्यावर दुसरा आणताना, दोन्ही जिथे भेटतात त्या फटीत एका लांबट दिव्याचा प्रखर झोत सोडायचा. काळे धागे तो प्रकाश पिऊन घेतात, प्रकाशाची उष्णता होते, राळ विरघळते, मागून रूळ दाब देतो, आणि दोन थर एकजीव होतात. उष्णता किती झाली हे हात लावून पाहता येत नाही. त्यासाठी वर एक तापमापक बसवलेला असे. तो लांबूनच, वस्तूतून निघणाऱ्या अदृश्य तेजावरून तिची उष्णता ओळखी. शेडमध्ये त्याला 'डोळा' म्हणत. डोळ्याला उष्णता पुरेशी दिसली की यंत्र आपोआप दिवा मंद करी, कमी दिसली की वाढवी. जोतिबांचा त्या डोळ्यावर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा अधिक विश्वास होता.

मुलाच्या पायासाठी त्यांनी नवा साचा स्वतः घडवला. साच्याच्या दोन्ही बाजूंना, पट्टीपासून थोडी सुटी, उभी पोलादी फळी असते, तिला ते गाल म्हणत. इतरांचे साचे तेल-मेणाने मळलेले, गालांवर जुन्या गंजाचे डाग पडलेले, तसेच वापरले जात. हा साचा मात्र ते रोज सकाळी आंघोळ झाल्यावर, पूजेला बसावे तसे समोर बसून, पॉलिशच्या फडक्याने घाशीत. पलटणीत त्यांच्या बुटांत आणि पट्ट्याच्या बक्कलात तपासणीच्या दिवशी साहेबांना स्वतःचा चेहरा दिसे, याचा उल्लेख ते कधी करीत नसत. पण ते फडके त्यांच्या खिशात अजून असे. साच्याच्या गालांत आता शेडचे छप्पर, खिडकी आणि त्यांची पांढरी मिशी स्वच्छ दिसे. हे काम होते असेही त्यांना वाटत नसे. तोंड धुणे हे जसे काम नव्हे, तसेच.

आणि याच साच्यातून निघालेले पाय उकलत होते.

तिसऱ्या पायाचे दोन तुकडे पंच्यात गुंडाळून जोतिबा गाडीने सांगलीला गेले. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मंगल नावाच्या प्राध्यापिका प्रकाश आणि कार्बनचे धागे यांच्यावरच काम करतात, असे त्यांना जुन्या कारखान्यातल्या एका सोबत्याने सांगितले होते. सांगलीच्या स्थानकाबाहेर हळदीचा वास होता आणि रिक्षावाले मोठ्याने हाका मारीत होते. जोतिबांनी तुकडे छातीशी धरले होते, आणि एका रिक्षावाल्याने आत काय आहे म्हणून विचारले, तेव्हा ते तुकडे अधिकच आवळून पुढे चालू लागले.

मंगल मॅडम जत भागातल्या, धनगराच्या घरातल्या. त्यांनी तुकडे खिडकीपाशी नेले आणि भिंगाखाली उकललेल्या दोन्ही बाजू पाहिल्या. मग त्यांनी सांगितले, की राळ वितळून, एकजीव होऊन मग जोराने फाटली असती, तर फाटलेल्या जागी तिचे ओढले गेलेले तंतू दिसले असते. इथे दोन्ही बाजू जशाच्या तशा गुळगुळीत आहेत. हे थर तुटलेले नाहीत. ते कधी जुळलेच नव्हते.

जोतिबा म्हणाले, "आवं मॅडम, डोळ्यानं पुरी ऊब दावली हुती. तिन्ही बारीला दावली."

"मग डोळा ऊब सोडून दुसरंच काहीतरी बघत असंल, काका," त्या म्हणाल्या.

जोतिबांना ते लागले. यंत्राला कोणी खोटे म्हटले की त्यांना आपल्यालाच म्हटल्यासारखे वाटे. मंगल मॅडमच्या ते ध्यानात आले असावे. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचे काळे घोंगडे उचलून टेबलावर पसरले; ते त्यांच्या वडिलांनी विणलेले होते. काळे म्हणून ते सगळा उजेड गिळते असे आपण समजतो, आणि समोरून पडलेला उजेड ते बहुतेक गिळतेच, असे त्या म्हणाल्या. पण त्याला चिंचोक्याची खळ चढवलेली आहे आणि लोकर एका दिशेने बसलेली आहे. आता खिडकीकडून, अगदी खाली वाकून, तिरके पाहा. जोतिबांनी वाकून पाहिले. काळे घोंगडे पाण्यासारखे चमकत होते. घोंगडे आडवे फिरवताच ती चमक नाहीशी झाली. कार्बनचेही तसेच, त्या म्हणाल्या. सरळ पडलेला प्रकाश तो पितो आणि तापतो. तिरक्या प्रकाशातला बराचसा तो परतवून लावतो, तोही धागे ज्या दिशेने निजले असतील त्यानुसार. जो प्रकाश परतला तो काहीच ऊब ठेवून जात नाही. आणि असा परतलेला झोत जर डोळ्यात शिरला, तर डोळ्याला वाटते की समोरची वस्तूच तापली आहे.

मग त्यांनी विचारले की इतरांच्या आणि मुलाच्या पायांत वेगळे काय केले. जोतिबांनी मनापासून आठवून पाहिले. पट्टी तीच, दिवा तोच, हातही तेच.

"वेगळं काय न्हाई," ते म्हणाले. "पोराचं म्हणून काळजी तेवढी जास्त घेतली."

काळजी या शब्दापुढे विचारण्यासारखे मंगल मॅडमना काही दिसले नाही. भटका प्रकाश कुठून येतो आहे हे सांगलीत बसून सांगता येणार नाही, दसरा झाला की मी स्वतः येऊन यंत्र पाहीन, तोवर मुलाच्या अंगावर काही चढवू नका, असे त्यांनी सांगितले. निघताना त्यांनी पायऱ्यांपर्यंत येऊन नमस्कार केला. परतीच्या गाडीत जोतिबांनी तुकडे पुन्हा छातीशी धरले. वाटेत कुंडलकडची हिरवी शेते खिडकीतून सरत होती. तिथेच कुठेतरी आप्पासो बांधावरून चालत असतील, या विचाराने त्यांना आनंद व्हावा तर तो होईना. परक्याच्या पायाला यश देणाऱ्या देवाने आपल्याच घरी हात का आखडता घेतला, हा प्रश्न त्यांनी आयुष्यात प्रथमच देवाला विचारला.

घरी परतल्यावर त्यांनी केले ते एवढेच, की मॅडमच्या बोलण्याचा त्यांना उमगला तो अर्थ त्यांनी अमलात आणला. प्रकाश भटकतो, म्हणजे कुठेतरी मळ आहे, डाग आहे, ढिलाई आहे. सैनिकाला दोष म्हटला की ढिलाईच आठवते. त्यांनी दिव्याची काच पुसली, रूळ पुसला, आणि साच्याचे दोन्ही गाल पूर्वी कधी घासले नव्हते इतके घासले. मग पट्टीचे दोन-चार थर चाचणीसाठी बसवले. डोळ्याने पुरेपूर उष्णता दाखवली. तुकडा निवल्यावर त्यांनी त्याच्या कडेला अंगठ्याचे नख लावले, आणि थर केळीच्या सोपटासारखे सुटून आले.

पूर्वी निदान चालल्यावर उकलत होते. आता हातातच उकलू लागले.

ते रोज घासत होते, रोज थर बसवीत होते, आणि रोज नखाने सोलून पाहत होते. बनुबाई जेवायला बोलवायला येत, तेव्हा जमिनीवर काळ्या सालींचा ढीग पडलेला असे. त्यांनी नवऱ्याला कधी थांबवले नाही. एकदाच त्या म्हणाल्या की आत एक भिंतीकडे तोंड करून आहे, इथे दुसरा यंत्राकडे तोंड करून आहे, आता माझ्याकडे तोंड करून बोलायला घरात कोणी उरले नाही. जोतिबांनी फडके खिशात ठेवले, आणि जेवून झाल्यावर ते पुन्हा काढले.

अशात खंडेनवमी आली.

त्या दिवशी शेडमधली सारी हत्यारे धुऊन मांडली जात. पाने, पकडी, हातोडे, कानशी यांना हळदकुंकू लागे. यंत्र त्या दिवशी चालवायचे नाही, पण त्याला वीज मात्र द्यायची, हा जोतिबांचा नेम होता. पलटणीत शस्त्र पूजेला मांडले तरी पहारा उठत नसे. तसे पूजेच्या वेळी यंत्रही झोपलेले नसावे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून दिवा बंद, रूळ स्तब्ध, आणि डोळा तेवढा उघडा. समोरच्या पाटीवर त्याचा लाल आकडा, हवेच्या उबेएवढा, निश्चल. साच्यावर आदल्या दिवशीचा एक थर तसाच होता. झेंडूच्या माळेतून पोलादाचे दोन्ही गाल झळकत होते.

सणाच्या दिवशी घरातल्या पुरुषाने हत्यारांना पाठ दाखवून पडून राहायचे नाही, असे सांगून बनुबाईंनी उदयसिंहाला उठवले होते. तिसऱ्या वेळी पडल्यापासून तो प्रथमच शेडमध्ये आला. कुबड्यांवर, दाराशीच, उंबऱ्यापलीकडे न जाता उभा राहिला. कोणाकडे पाहायचे नाही म्हणून तो लाल आकड्याकडे पाहत होता.

बनुबाईंनी निरांजन लावले आणि त्या यंत्राला ओवाळू लागल्या.

"आई, थांब," उदयसिंह म्हणाला.

त्या थांबल्या. निरांजन त्यांच्या उजव्या हाताशी, साच्याच्या गालासमोर स्थिर झाले. पाटीवरचा आकडा हवेच्या उबेचा राहिला नव्हता. तापलेल्या लोखंडाला हात लावता येऊ नये इतका तो चढला होता.

"आता फिरव," तो म्हणाला.

बनुबाईंनी ओवाळले. ज्योत वर गेली, आकडा पडला. ज्योत खाली आली, आकडा उसळला. प्रत्येक फेऱ्याला, ज्योत गालासमोर आली की डोळ्याला ताप दिसे आणि पुढे गेली की ताप उतरे. जोतिबांनी पुढे होऊन साच्यावरच्या काळ्या थराला हात लावला. तो सकाळच्या दगडासारखा गार होता. त्यांनी बायकोला निरांजन तिथेच धरायला सांगितले आणि पोलादी गालावर आपला पंजा झाकला. आकडा खाली बसला. पंजा काढला. आकडा पुन्हा चढला. गालातल्या प्रतिबिंबात ज्योत सरळ, निर्मळ, खऱ्या ज्योतीहूनही स्वच्छ दिसत होती. तिथून तिचे किरण तिरके काळ्या थरावर उतरत होते, आणि सांगलीच्या त्या घोंगड्यासारखा तो थर त्यांना चमकून वर, डोळ्याकडे, पाठवीत होता.

तुपातल्या एका वातीने एवढे होते, तर दिव्याच्या झोताने काय होत असेल हे कोणी बोलून दाखवण्याची गरज नव्हती. डोळा प्रतिबिंबाला ताप समजत होता, यंत्र समाधानाने दिवा मंद करीत होते, आणि थर कच्चे राहत होते. आप्पासोंच्या साच्यावर गंजाचे डाग होते, म्हणून आप्पासो चालत होते.

जोतिबांचा हात आपोआप खिशाकडे गेला होता. त्यांनी फडके बाहेर काढले आणि त्याकडे पाहत ते खाली, हत्यारांच्या शेजारी बसले.

मग उदयसिंह उंबरा ओलांडून आत आला, एक कुबडी भिंतीला टेकवून साच्याशी उभा राहिला आणि गालात वाकून पाहू लागला. त्याला तिथे स्वतःचा चेहरा दिसला असावा. कित्येक दिवसांची दाढी वाढलेली होती.

"पलटणीत ह्याच चकाकीला शाबासकी मिळाली आसंल तुमाला," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता की नव्हता, हे आईलाही कळले नाही.

"मिळाली हुती," जोतिबा म्हणाले.

गाल काळे करायचे होते. रंग लावला तर दिव्याच्या उबेने तो सुटून थरांत उतरण्याची भीती. म्हणून बनुबाईंनी सुचवले की काजळी धरावी, जशी डोळ्यात घालायच्या काजळासाठी धरतात. पट्टी गालांना खेटत नव्हती, त्यामुळे काजळी तिला लागण्याचा संभव नव्हता. त्यांनी एरंडेलाची जाड वात लावून ती धुरकट केली. जोतिबांनी ती हातात घेतली खरी, पण पोलादापर्यंत नेता येईना. ज्या हातांनी सारा जन्म डाग काढले, ते हात डाग लावायला धजेनात. शेवटी उदयसिंहाने वात त्यांच्या हातातून घेतली आणि दोन्ही गालांवरून सावकाश फिरवली. छप्पर नाहीसे झाले, खिडकी नाहीशी झाली, मिशी नाहीशी झाली. उरला तो नुसता काळा मखमाली पृष्ठभाग, आणि निरांजन कितीही फिरवले तरी लाल आकडा हलला नाही.

दसरा होताच मंगल मॅडम सांगलीहून आल्या. त्यांनी गाल पाहिले, दिव्याचा कोन थोडा उभा करायला सांगितले, आणि आपण त्या दिवशी साच्याबद्दलही विचारायला हवे होते असे म्हणाल्या. त्यांच्यासमोर बसवलेल्या थरांना जोतिबांनी नख लावले, मग सुरी लावली. तुकडा वाकला, पण सुटला नाही. त्याच साच्यावर चौथा पाय झाला.

परंतु जे बुद्धीला पटते ते शरीराला पटतेच असे नाही. पाय तयार होऊन खाटेशेजारी उभा राहिला आणि उदयसिंह त्याकडे पाहून घामाने भिजला. कारण कळले, चूक कळली, सगळे खरे, असे तो म्हणाला. पण मागच्या तिन्ही पायांवरही वजन ठेवून पाहिले होते, तेव्हा त्यांनीही दगा दिला नव्हता. चालल्यावर दिला होता. चालून पाहिल्याशिवाय खात्री नाही, आणि चालून पाहण्याइतका गुडघा आता शिल्लक नाही. त्याने पाय उचलून खाटेखाली सरकवला.

जोतिबा त्या दिवशी एकटेच शेडमध्ये बसून राहिले. दुसऱ्या सकाळी त्यांनी लाकडाची एक बैठक घडवली, जशी कारागीर पायाची उंची जमवून पाहण्यासाठी स्वतःच्या गुडघ्याखाली बांधतात. खाटेखालचा पाय काढून तिला जोडला, आपला धडधाकट पाय गुडघ्यात मागे दुमडून त्या बैठकीत गुडघा टेकवला, आणि पट्ट्यांनी आवळून घेतला. मुलाच्या अंगाचे वजन आपल्या अंगात नाही, म्हणून खांद्यावर कांद्याची भरलेली गोण घेतली. आणि हातात काठी घेऊन ते शेडबाहेर पडले.

वखारींपाशी लिलाव चालला होता. हमालांचा मुकादम भाऊसो त्यांना पाहून ओरडला, "हवालदार, नातू रांगायच्या आधी तुमीच गुडघ्यावं आला की."

आजूबाजूचे हसले. जोतिबा थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुन्हा तोल सावरणे कठीण होते. पाय कसा काय चालतो ते बघतोय, एवढेच ते म्हणाले. स्थानकाच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. दोनदा पडले, पण दोन्ही वेळा स्वतःच्या चुकीने. पाऊल शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी ते खंडाळ्याच्या रस्त्याने गेले, त्याच रस्त्याने. मग रोजच जाऊ लागले. पहिल्या काही दिवसांत लोक हसले, नंतर हसेनासे झाले. भाऊसोने एका सकाळी निवडून कोरड्या कांद्याची गोण त्यांच्या खांद्यावर स्वतः चढवून दिली आणि तो काही बोलला नाही. दुमडलेल्या गुडघ्याची कातडी सोलली, मग तिथे जखम झाली. बनुबाई रोज हळद भरीत, आणि रोज ती हळद रक्ताबरोबर बैठकीच्या लाकडात उतरे. तिसरा पाय जितके दिवस टिकला होता तितके दिवस उलटले. त्याहून अधिक उलटले. जोतिबा थांबले नाहीत. किती दिवसांनी थांबायचे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि ज्याने सांगायचे तो भिंतीकडे तोंड करून होता.

मात्र तो झोपलेला नसे. रोज सकाळी अंगणातून तो आवाज जाई, काठीचा एक, पायाचा एक. आणि परत येईपर्यंत भिंतीकडे वळलेला तो चेहरा श्वास धरून, वाळकी काटकी मोडण्याची वाट पाहत असे.

एका सकाळी जोतिबा गोण घेऊन शेडमधून निघाले आणि घराच्या अंगणाशी आले, तेव्हा उदयसिंह दगडी पायरीवर बसलेला दिसला. दाढी केलेली होती. आखूड पायावर त्याने जाड मोजा चढवला होता. वडिलांच्या गुडघ्याखालच्या लाकडावरून उतरलेला काळपट ओघळ त्याने पाहिला.

"काढा आता," तो म्हणाला.

"अजून थोडं दिस जाऊ दे. खातरी हुईल."

"तुमचा गुडघा जायची वाट बगू का?" उदयसिंहाने हात पुढे केला. "द्या. माझा पाय हाय त्यो."

जोतिबा पायरीवर बसले. रक्ताने भिजून आवळलेले पट्टे त्यांना सुटेनात. मुलाने ते सोडवले. पाऊल लाकडी बैठकीतून काढून त्याने आपल्या खोबणीत बसवले, आवळले, आणि भिंत धरून उभा राहिला. बनुबाई दारात आल्या होत्या, पण पुढे आल्या नाहीत. जोतिबांनी मान खाली घातली. पाहण्याचे बळ त्यांच्यात नव्हते. खिशातले पॉलिशचे फडके काढून त्यांनी आपल्या रक्ताळलेल्या गुडघ्याभोवती घट्ट गुंडाळले, आणि ते ऐकत राहिले.

पहिले पाऊल पडले. मग थांबणे झाले. मग दुसरे पडले. मागे, याच पायरीशी, तिसरा पाय उकलला होता. तिसऱ्या पावलानंतर अंगणाची फरशी संपते आणि खडीची वाट सुरू होते. खडी करकरली, आणि तो आवाज वाळक्या काटकीच्या इतका जवळचा होता की बनुबाईंनी दाराची चौकट धरली. पण तो खडीचाच होता. तो पुन्हा झाला, आणि पुन्हा.

घराच्या फाटकाची कडी वाजली तेव्हा जोतिबांनी मान वर केली. उदयसिंह बाहेर, रस्त्याच्या कडेला, घामाने निथळत उभा होता, आणि पुढे जायचे की परत यायचे हे अजून ठरवीत होता.

जोतिबा काठी टेकून उठले आणि लंगडत त्याच्या दिशेने निघाले.